बोंडलं ते एम.एस्सी.: नवजात अतिदक्षतेतलं पुढचं शिक्षण, बेळगाव भागातल्या सिस्टरांसाठी

रात्रपाळीत दोनचं फीड झालं की पुढच्या नोंदींच्या आधी अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात ज्युनिअर मुली हमखास एकच विचारतात, ‘ताई, एम.एस्सी. निओनॅटल कुठं करता येते?’ मुलगी खानापूरची असो, निपाणीची असो नाहीतर भालकीहून इथं नोकरीला आलेली असो, प्रश्न तोच. उत्तर ऐकून तोंड पडतं तेही सारखंच, कारण भारतीय परिचर्या परिषदेच्या एम.एस्सी.त या नावाची शाखाच नाही. शाखा पाच आहेत: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, चाइल्ड हेल्थ, मेंटल हेल्थ आणि कम्युनिटी हेल्थ. नवजात बाळ यातल्या चाइल्ड हेल्थमध्ये येतं, तेही एक महिन्यापासून किशोरवयापर्यंतच्या सगळ्या मुलांच्या गर्दीत.

म्हणून अर्ज भरायच्या आधी वाट नीट बघून घ्या. मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग चाइल्ड हेल्थची एम.एस्सी. अशा लांबच्या रस्त्यानं आले. जिथं ठेचकाळले ती ठिकाणं इथं सांगते.

बाळाजवळ राहायचंय की वर्गात?

हे पहिलं ठरवा. एम.एस्सी. दोन वर्षांची. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, संशोधन व संख्याशास्त्र आणि क्लिनिकल स्पेशालिटीचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी नर्सिंग मॅनेजमेंट, स्पेशालिटीचा दुसरा भाग आणि प्रबंध. विषय वाचूनच कळतं की हा अभ्यासक्रम शिक्षिका आणि व्यवस्थापक घडवतो. पदवी मिळाली की बहुतेक मुली कॉलेजात ट्यूटर किंवा लेक्चरर होतात आणि वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेपाशी, उभं राहणं हळूहळू सुटतं. यात वाईट काही नाही. पण ‘मला एनआयसीयूच (नवजात अतिदक्षता विभागच) आवडतं’ म्हणत जी मुलगी एम.एस्सी.ला जाते, तिला हे आधी कुणी सांगत नाही.

दुसरी वाट म्हणजे नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. आता तो रेसिडेन्सी पद्धतीनं चालतो. म्हणजे युनिटमध्ये ड्युटी करत शिकायचं, वर्गातला वेळ थोडा, बाळांजवळचा जास्त. जीएनएम किंवा बी.एस्सी., नोंदणी आणि वर्षभराचा क्लिनिकल अनुभव असला की अर्ज करता येतो. घरी सांगताना ‘डिप्लोमा’ हा शब्द जरा हलका वाटतो, सोयरिकीच्या बोलण्यात तर फारच. पण व्हेंटिलेटरवरचं ९०० ग्रॅमचं बाळ सांभाळायचं असेल तर माझं मत सरळ आहे: आधी डिप्लोमा, मग वाटलं तर एम.एस्सी. अर्थात शिकवण्याचीच ओढ असेल तर थेट एम.एस्सी. करा, मध्ये वर्ष घालवू नका.

‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ असा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही परिषदेनं आणलाय. नाव भारदस्त आहे, पण त्याचा भर मोठ्या माणसांच्या आयसीयूवर आहे. नवजातासाठी म्हणून तिकडं जाऊ नका.

तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात

जीएनएम झालेलीला थेट एम.एस्सी. नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं, त्याला बारावी आणि परिषदेकडची नोंदणी लागते. बी.एस्सी. झालेलीला एम.एस्सी.साठी एकूण ५५ टक्के गुण आणि पदवीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव हवा. पोस्ट बेसिकवाल्यांना हा अनुभव त्या शिक्षणाच्या आधीचा असला तरी चालतो. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत ५ टक्के सवलत आहे. एम्सच्या प्रवेशाला मात्र ६० टक्के मागतात. ५५ आणि ६० च्या मध्ये असाल तर एम्सच्या क्लासची फी भरण्याआधी गुणपत्रिका काढून बेरीज करा. न करता फी भरलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत.

अनुभवाचं वर्ष वाया घालवू नका

एक वर्ष अनुभव म्हणजे एक वर्ष हजेरी नव्हे. जनरल वॉर्डात किंवा ओपीडीत वर्ष काढून मुली एम.एस्सी.ला येतात आणि पहिल्याच महिन्यात वॉर्मरसमोर गोठतात. शक्य असेल तर हे वर्ष नवजात विभागातच काढा. सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू म्हणजे आजारी नवजातांचा विशेष कक्ष असतो, तालुक्याच्या ठिकाणी लहान स्थिरीकरण कक्ष असतो आणि जिथं प्रसूती होते तिथं बाळाचा कोपरा असतो. तालुक्याला असाल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मागे लागून एफबीएनसीचं, म्हणजे रुग्णालयातल्या नवजात काळजीचं, प्रशिक्षण मिळवा. चार दिवस वर्गात आणि मग दोन आठवडे मोठ्या युनिटमध्ये प्रत्यक्ष काम, असं त्याचं स्वरूप आहे. खासगीत असाल तर एनआरपीची, म्हणजे जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याची, कार्यशाळा गाठा. मास्क नीट बसवून छाती वर येईल असा श्वास देणं हे पुस्तकातून येत नाही. पुतळ्यावर पन्नासदा करावं लागतं.

या वर्षात दोन गोष्टी अगदी हातात बसायला हव्यात. पहिली म्हणजे बोंडलं, बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. डॉक्टर त्याला ‘पलाडा’ म्हणतात, नवीन मुलीही तेच म्हणतात. माझ्या आजीच्या फडताळात चांदीचं बोंडलं होतं, त्याच चोचीचं. साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाला गिळता येतं, पण अंगावर जोरानं ओढता येत नाही. तेव्हा हेच कामाला येतं. बाळ अर्धं उभं धरायचं, चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि दूध ओतायचं नाही. दूध नुसतं ओठाला लागू द्यायचं. बाळ जीभ काढतं, चाटतं, गिळतं. गिळलेलं दिसलं की मग पुढचा थेंब. वीस मिली पाजायला वीस मिनिटं लागली तरी चालतील. घाई केली की ठसका, आणि ठसका लागला की मॉनिटर ओरडतो. नव्या मुलींची चूक कायम एकच असते. त्या बोंडल्यातल्या दुधाकडे बघतात, बाळाच्या गळ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन. कमी दिवसांचं बाळ ऑक्सिजनवर आहे आणि पडद्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, १०० दिसतंय. काचेबाहेरचे नातेवाईक खूश होतात. सिस्टरनं तेव्हा सावध व्हायचं. ऑक्सिजन चालू असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. जास्तीचा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्याच्या वाढत्या रक्तवाहिन्या बिघडवतो, त्यातून आरओपी हा डोळ्यांचा आजार होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून ९५ च्या वर गेलं की ब्लेंडरवरचा (हवा-ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावरचा) ऑक्सिजन कमी करायचा, आणि अलार्मची वरची मर्यादासुद्धा लावायची. खालची सगळे लावतात, वरची विसरतात. तेच १०० साध्या हवेवर असेल तर काळजी नाही. हा फरक जिला ड्युटीवर सुचतो, तिला आरओपीची तपासणी ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास का लागते हे पाठ करावं लागत नाही.

कॉलेज बघताना इमारत बघू नका

आपल्या भागाचं नशीब असं की फार लांब जावं लागत नाही. बेळगावात केएलईचं अभिमत विद्यापीठ आहे, त्याचं नर्सिंग कॉलेज आणि मोठं रुग्णालय आहे. सरकारी बाजूला बिम्स ही वैद्यकीय संस्था आणि जिल्हा रुग्णालय. कर्नाटकातली इतर बहुतेक कॉलेजं बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. निपाणीच्या मुलीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं, तिथून सांगली-मिरजही हाताशी. ती कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली किंवा स्वतःच्या अभिमत विद्यापीठाखाली येतात. कारवारकर गोव्याकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे.

मान्यता बघणं ओघानं आलंच: परिचर्या परिषद, राज्य परिषद आणि विद्यापीठ, तिन्हीकडं. आणि नुसत्या कॉलेजची नाही, चाइल्ड हेल्थ शाखेची, त्या वर्षाची. पण खरी चौकशी युनिटची करा. महिन्याला दीड किलोच्या आतली बाळं किती येतात? सीपॅप (नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र) आणि व्हेंटिलेटर रोज चालू असतात की झाकून ठेवलेत? बाहेर जन्मून इथं आणलेल्या बाळांसाठी वेगळा कक्ष आहे का? घरी गेलेल्या बाळांचा फॉलोअप दवाखाना चालतो का? आईच्या दुधाची पेढी आहे का? मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, तेव्हापासून चांगल्या नवजात विभागाची ती एक खूण झालीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एम.एस्सी.च्या मुली बाळाला हात लावतात की वही घेऊन कडेला उभ्या राहतात?

हे प्रश्न प्राचार्यांच्या केबिनमध्ये विचारून उपयोग नाही. दुपारी कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलगी गाठा, चहा पाजा. दहा मिनिटांत सगळं कळतं. मार्गदर्शक बाई शेवटच्या एनआयसीयूत कधी उभ्या राहिल्या होत्या, हे पण तिथंच कळतं.

दोन राज्यांचे कागद

आपल्या मुली अभ्यासात मागं पडत नाहीत, त्या कागदात अडकतात.

शिक्षण कर्नाटकात झालं तर नोंदणी कर्नाटक परिचर्या परिषदेकडे. महाराष्ट्रात शिकायला किंवा नोकरीला जायचं तर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिषदेचं ना-हरकत आणि पडताळणी लागते. उलट्या दिशेनंही तसंच. हे काम आठवड्यात होईल असं समजू नका. प्रवेशाची जाहिरात येण्याच्या तीन महिने आधी सुरू करा. राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांक काढला नसेल तर तो आधी काढा. दरम्यान २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झालाय, तो १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेणारा आहे. त्यामुळं जुन्या मैत्रिणीचा अनुभव प्रमाण मानू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच वाचा.

रहिवासाचं बघा. कर्नाटकातल्या सरकारी कोट्यासाठी केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत तुम्ही राज्यात किती वर्षं शिकलात ते मोजतात, म्हणून पहिलीपासूनचे शाळेचे दाखले एका फाईलमध्ये ठेवा. बिदर, भालकी, औरादच्या मुलींना कलम ३७१ (जे) खालचं आरक्षण आहे, त्याचा वेगळा दाखला काढावा लागतो. बेळगाव आणि कारवार त्यात येत नाहीत. महाराष्ट्र शासन सीमाभागातली ८६५ गावं आपली मानतं, आणि तिथल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत तरतूद ठेवलेली असते. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ‘महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग’ हे कलम आहे का, ते शोधा. असेल तर गाव यादीत असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागेल. त्यासाठी कचेरीत दोन-तीन खेपा धरूनच चला.

आता नावाची भानगड. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, डिप्लोम्यात आद्याक्षरं आधी, नोंदणी माहेरच्या नावानं आणि अनुभवाचा दाखला सासरच्या नावानं. एका कॉलेजात पडताळणीच्या टेबलावर बाईंनी चारही कागद शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, ‘या चौघीजणी कोण?’ मला हसू आलं, त्यांना आलं नाही. त्या वर्षीचा प्रवेश गेला. म्हणून सांगते, शिक्षण पूर्ण होईपर्यंत सगळीकडं माहेरचंच नाव ठेवा. बदललंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. कुठं ‘बेळगाव’, कुठं ‘बेळगावी’ असा जिल्हा लिहिलेला असतो, त्यावरून सहसा अडत नाही. नाव २०१४ साली बदललं हे सगळ्यांना माहीत आहे.

अनुभवाचा दाखला नुसता ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ असा घेऊ नका. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या विभागात, किती खाटांच्या रुग्णालयात, हे त्यावर हवं. लहान नर्सिंग होममध्ये नेमणूकपत्र देत नाहीत, पगार पाकिटातून देतात. पहिल्याच महिन्यात गोड बोलून पत्र आणि बँकेतून पगार मागा. सोडून जाताना मागाल तर डॉक्टरसाहेब ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

सरकारी नोकरीत असाल तर प्रतिनियुक्तीची परवानगी आधी, अर्ज नंतर.

परीक्षेसाठी

प्रवेशपरीक्षेचं पुस्तकी वाचन तुम्ही कराल, ते मी सांगत नाही. गणितं मात्र रोज दोन करा. हे एक नमुन्याला. बाळ दीड किलोचं, द्रव किलोला ८० मिली, १० टक्के डेक्स्ट्रोज. दिवसाचे झाले १२० मिली, तासाला ५. ग्लुकोजचा वेग काढायला टक्केवारी गुणिले तासाचे मिली, भागिले सहा पट वजन: १० गुणिले ५ म्हणजे ५०, भागिले ९. मिनिटाला किलोमागे साधारण साडेपाच मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी ४ ते ६ अपेक्षित असतं, म्हणजे ठीक. हे कागदाशिवाय जमलं तर परीक्षेत सुटतंच, आणि रात्री तीनला साखर ३८ आली की हातही थरथरत नाहीत.

कन्नडशिवाय भागत नाही

यावर आपल्याकडं लोकांना राग येतो, पण खाटेपाशी राजकारण चालत नाही. बैलहोंगल-गोकाककडच्या आईला ‘बाळ दूध पितंय का?’ विचारलं तर ती नुसती बघत राहते. ‘कूसु हालु कुडितैतेन्री?’ म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मग सगळं सांगते: रात्री दोनदा ओकलं, अंग गार लागत होतं, सासूनं मध चाटवला. त्या मधानं आपलं पुढचं निदान बदलू शकतं. आपली खानापूरची आजी तेच मराठीत सांगते, घुटी आणि काजळासकट. दोघींशी बोलता येणारी सिस्टर युनिटमध्ये सोन्यासारखी असते. कर्नाटकात सरकारी नोकरीला कन्नडची परीक्षा लागतेच, तेव्हा अभ्यासाचा फायदा दुहेरी.

प्रबंधाचा विषयही इथूनच उचला. ‘मातांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’ हा विषय इतक्यांदा झालाय की परीक्षकांना तो तोंडपाठ आहे. त्यापेक्षा साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जा. अथणी, चिक्कोडी, रायबागकडं हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबं येतात. त्यांचं कमी वजनाचं बाळ एनआयसीयूतून सुटतं आणि थेट फडावरच्या कोपीत जातं. तिथं त्या आईला कांगारू पद्धतीनं बाळ छातीशी किती तास धरता येतं? कोयता हातात असताना फॉलोअपची तारीख कोण पाळतं? हा विषय मराठी येणाऱ्या मुलीलाच झेपेल.

हा जिल्हा संशोधनाला नवा नाही. इथल्या खेड्यांत सहायक परिचारिका-प्रसविकांनी बाळंतिणींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, १६२० बायकांवर अभ्यास झाला आणि प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. २००६ साली तो जगभर वाचला गेला. पुढे ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’चं, म्हणजे जन्मताच बाळाला श्वास देण्याचं, प्रशिक्षण इथल्या आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत प्रसूती करणाऱ्यांना दिलं, तेव्हा मृतजन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ झालं. मेलेलं समजून बाजूला ठेवलं जाणारं बाळ पहिल्या मिनिटात श्वास दिल्यावर रडत होतं, असा त्याचा साधा अर्थ. दोन्हीकडं काम करणारे हात आपल्यासारख्यांचेच होते. आजही केएलईच्या जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयात माता-बाल आरोग्याचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांना भेटा, आकडेवारी कशी गोळा करतात ते बघा. नैतिक समितीची मंजुरी वेळेत मागा, आणि संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा, गरज असेल तर उर्दूतही. भाषांतर दुकानात टाकू नका. आईला मोठ्यानं वाचून दाखवा. ती जिथं अडखळेल तिथं वाक्य बदला.

परदेशाचं थोडक्यात

अमेरिकेत निओनॅटल नर्स प्रॅक्टिशनर ही खरोखरची पदव्युत्तर वाट आहे. बाळाला नळी घालणं, औषध लिहिणं हे ती करते. पण त्यासाठी तिथली नोंदणी, म्हणजे एनक्लेक्सची परीक्षा, मोठ्या एनआयसीयूतला साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि शिक्षणात शेकडो तास देखरेखीखालचं काम लागतं. ब्रिटनमध्ये इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, मग प्रत्यक्ष कौशल्याची, आणि नवजात विभागात गेल्यावर तिथली विशेष पात्रता. आपली एम.एस्सी. दोन्हीकडं तशीच धरत नाहीत. तिथं विचारतात ते एनआयसीयूतला अनुभव किती, म्हणून इथला अनुभवाचा दाखला परत आठवा. पीएच.डी. करायची असेल तर त्यासाठी देशभरातल्या मुली बेंगळुरूकडं बघतात, कारण परिषदेचा राष्ट्रीय पीएच.डी. कार्यक्रम तिथल्या राजीव गांधी विद्यापीठाबरोबर चालतो.

पहिल्या दिवशी

प्रवेश झाला, फी भरली, आता युनिटला जायचंय. नखं कापा. बेळगावात डिसेंबरात थंडी असते, तरी पूर्ण बाह्यांचा स्वेटर आत चालत नाही, कोपरापर्यंत हात उघडे हवेत. घड्याळ आणि अंगठी लॉकरमध्ये. नवीन लग्न झालेल्या मुलींचा हिरव्या चुड्यावरून दर वर्षी एकदा तरी वाद होतो. सासूबाईंना आधीच घरी समजावून ठेवा. एक छोटी कापडी पिशवी शिवून घ्या, चुडा तीत ठेवा आणि ती पर्सच्या आतल्या कप्प्यात पिनेनं अडकवा. लॉकरला कुलूप नेहमी असतंच असं नाही.